दगडांची साक्ष : रे. स्टीफन हिस्लॉप यांचे चरित्र

न्यायासनापुढे उभा राहणारा साक्षीदार दोन प्रकारचा असतो. निकाल कोणत्या बाजूने लागावा हे आधी मनाशी ठरवून त्याला पोषक तेवढेच सांगणारा, हा एक. आणि डोळ्यांनी जे पाहिले ते पाहिल्याप्रमाणे सांगून निकालाची चिंता न्यायाधीशावर सोपविणारा, हा दुसरा. पहिला चतुर ठरतो, पण सत्याच्या उपयोगी पडतो तो दुसराच. ज्या सत्पुरुषाचे चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे आहे, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे या दुसऱ्या जातीचे साक्षीदार होते. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. परंतु पृथ्वीवरील जीवसृष्टी कसकशी पालटत आली, या मोठ्या प्रश्नाच्या निर्णयाला त्यांनी वेचलेल्या दगडांचाही हातभार लागला आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर बेरिकशायर नावाचा परगणा आहे. त्यातील डन्स या लहानशा गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म झाला. वडील बांधकामाचा व्यवसाय करीत. घरचे वळण धर्मनिष्ठ होते. मुलाला पुस्तकांची आवड होती, तशीच किडे व दगड गोळा करण्याचीही होती. याच परगण्याच्या समुद्रकाठी सिकर पॉइंट म्हणून एक कडा आहे. हिस्लॉप यांच्या जन्मापूर्वी एकोणतीस वर्षे, म्हणजे १७८८ साली, जेम्स हटन नावाच्या विद्वानाने तेथे एक विलक्षण देखावा पाहिला होता. खाली करड्या खडकाचे थर भिंतीसारखे उभे होते, आणि त्यांच्या माथ्यावर तांबड्या खडकाचे थर जवळजवळ आडवे पसरले होते. गाळ पाण्यात आडवाच बसतो. तेव्हा खालचे थर प्रथम आडवे साचले असले पाहिजेत, मग कठीण होऊन उभे उचलले गेले, झिजले, आणि त्यावर पुन्हा नवा गाळ साचला, असेच मानणे प्राप्त होते. एवढे सर्व घडावयास केवढा काळ लागला असेल! पृथ्वीचे वय मनुष्याच्या कल्पनेपलीकडचे आहे, असे हटनने त्यावरून अनुमान केले. ज्या भूमीत भूस्तरशास्त्राचा पाया घातला गेला, त्याच भूमीत आपल्या चरित्रनायकाचे बालपण गेले.

पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले, तेव्हा हिस्लॉप त्या नव्या मंडळीस मिळाले. १८४४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईच्या बंदरात उतरले. १८४५ साली ते नागपुरास पोहोचले. त्या वेळी तेथे तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. आगगाडी तिकडे यावयास अद्याप वीस-बावीस वर्षे अवकाश होता. घोडा, बैलगाडी आणि स्वतःचे पाय, हीच काय ती प्रवासाची साधने.

ज्या लोकांत काम करावयाचे त्यांची भाषा आल्याखेरीज तोंड उघडण्यात अर्थ नाही, हे जाणून त्यांनी मराठीचा कसून अभ्यास केला. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा उघडली. १८४७ साली रे. रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांस येऊन मिळाले. दिवसा शाळा, सायंकाळी बाजारात उपदेश, आणि हिवाळ्यात खेडोपाडी फेरी, असा त्यांचा क्रम असे. या फेऱ्यांतच त्यांच्या दुसऱ्या विद्येचा उदय झाला. वाटेत नाला लागला की त्याचे कापलेले काठ पाहावयाचे. विहीर खोदली जात असली की वर आलेली माती चाळावयाची. दगडाची खाण दिसली की तेथे क्षणभर थांबावयाचे. शुभवर्तमान सांगण्यासाठी जे पाय झिजत होते, त्याच पायांखालची भूमी ते वाचीत होते.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. एखादे पान, शिंपला किंवा हाड तळ्याच्या चिखलात पुरले जाते. त्यावर वर्षानुवर्षे गाळ साचतो. दाबाने गाळाचा दगड होतो, आणि आतील वस्तूचा ठसा किंवा अश्मीभूत झालेला देह शिल्लक राहतो. यालाच जीवाश्म म्हणतात. थरांची उलथापालथ झालेली नसेल, तर खालचा थर आधीचा व वरचा थर नंतरचा, हे उघडच आहे. धान्याच्या पेवात तळाशी कोणत्या सालचे धान्य आणि वर कोणत्या सालचे, हे जसे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही, तसेच हे होय.

नागपूरचा परिसर या दृष्टीने मोठा भाग्यवान आहे. पश्चिमेकडून आलेला सह्याद्रीचा काळा कातळ तेथे संपत येतो, आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. त्यामुळे दूरदूरच्या काळांची पाने तेथे थोड्या मजलांच्या अंतराने वाचावयास मिळतात. हिस्लॉप व हंटर यांनी ती एकामागून एक उलटली. १८५५ साली लंडनच्या भूस्तरशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात नागपूरच्या भूरचनेविषयी व जीवाश्मांविषयी दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रकृती बिघडल्यामुळे हंटर स्वदेशी परतले. हिस्लॉप यांनी ते काम पुढे एकट्याने चालविले.

आता त्यांस काय काय सापडले ते तळापासून वर, या क्रमाने पाहू. कारण या क्रमातच सर्व मर्म आहे.

कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. मधोमध शीर आणि दोहों बाजूंस जाळीदार रेषा असलेल्या या पानांच्या वनस्पतीस शास्त्रज्ञ ग्लोसोप्टेरिस म्हणतात. आजच्या मोजणीप्रमाणे ते थर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेथे पाने विपुल आहेत, पण फुले येणाऱ्या झाडाचे एकही चिन्ह नाही. आंबा नाही, वड नाही, गवताची काडीही नाही.

नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे एका प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली. लंडनचे रिचर्ड ओवेन यांनी तिची परीक्षा करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. बेडकाप्रमाणे पाणी व जमीन या दोहोंशी संबंध असलेल्या प्राण्यांच्या एका जुन्या, आता नष्ट झालेल्या कुळातला तो होता. या कुळाच्या दातांचा आडवा छेद घेतला, तर आत भुलभुलैयासारख्या घड्याच घड्या दिसतात. अशाच घड्या त्याहून जुन्या काळच्या, मांसल परांच्या काही माशांच्या दातांत आढळतात. जमिनीवर आलेल्या चतुष्पादाच्या तोंडात माशाचे दात असावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नातवाच्या चेहऱ्यावर आजोबांची खूण दिसावी, तशी ही खूण आहे.

आणखी दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात, मलेरी नावाचे ठिकाण आहे. तेथून हिस्लॉप यांनी पंख्यासारख्या कंगोरेदार दातांचे तुकडे मिळविले. हिंदुस्थानच्या भूस्तर पाहणी खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांतील दोन जातींस हिस्लॉप व हंटर यांची नावे दिली. हे दात सिराटोडस नावाच्या माशाचे होते. त्या काळी हा मासा केवळ दातांवरून ठाऊक होता, आणि तो कधीच नामशेष झाला, अशी सर्वांची समजूत होती. पण १८७० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या नद्यांत असेच दात असलेला जिवंत मासा सापडला! त्याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसही आहे. पाण्यावर तोंड काढून तो हवा घेतो. आणि त्याच्या मांसल परांच्या आत हाडांची मांडणी आहे. आजच्या संशोधनाप्रमाणे जिवंत माशांपैकी चार पायांच्या प्राण्यांशी सर्वांत जवळचे नाते याच फुप्फुसवाल्या माशांचे आहे. तो शोध लागला तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते. परंतु त्या माशाच्या प्राचीन भाऊबंदांची नोंद त्यांच्या नावाने आधीच झालेली होती.

त्याच्याही वर, वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे, प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. आज आपण त्यांस डायनोसॉर म्हणतो. पिसदुऱ्याच्या भूमीने पुढेही एक नवल दाखविले. २००५ साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी तेथील डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींतील गारेसारखे सूक्ष्म कण आढळले. डायनोसॉर नाहीसे होण्यापूर्वीच गवताच्या निरनिराळ्या शाखा फुटू लागल्या होत्या, हे त्यावरून कळले. ज्या कुळात पुढे आपली ज्वारी व आपला तांदूळ निपजला, त्याच्या बाल्याची ही साक्ष आहे.

अखेरीस नागपूरलगतच्या टाकळी येथील थर. ज्वालामुखीच्या रसाचा एक लोट पसरून थंड झाला की त्यावर तळी साचत, झाडे वाढत, आणि मग पुढचा लोट येऊन सर्व झाकून टाकी. अशा दोन लोटांमध्ये सापडलेल्या गाळात हिस्लॉप यांस गोड्या पाण्यातील गोगलगायी, कीटकांचे अवशेष, आणि फुले येणाऱ्या वनस्पतींची फळे व बिया मिळाल्या. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कामठीच्या खाणीत ज्यांचा मागमूस नव्हता, त्या सपुष्प वनस्पती येथे नांदत होत्या.

आता मुलांनो, हा जिना पुन्हा एकदा मनाने चढून पाहा. तळाच्या पायरीवर फुलांवाचून असलेले अरण्य. मग रुंद डोक्याचे उभयचर. मग सरपटणाऱ्या प्राण्यांचे राज्य. आणि वरच्या पायऱ्यांवर फुले, फळे व गवत. जसजसे वर यावे तसतशी सृष्टी आजच्या सृष्टीसारखी दिसू लागते. जसजसे खाली जावे तसतशी ती अनोळखी होत जाते. हा क्रम नागपुरापुरता नाही. जगात जेथे जेथे थर तपासले गेले, तेथे तेथे हाच मोठा क्रम आढळला आहे. सर्व जीव एकाच वेळी, आजच्या आजच्या रूपात निर्माण झाले असते, तर कामठीच्या जिव्हापर्णांत कोठेतरी नारळाचे फळ सापडावयास हवे होते, मांगलीच्या कवटीशेजारी कोठेतरी गाईचे हाड मिळावयास हवे होते. शतकाहून अधिक काळ हजारो हातांनी शोध केला; तसे एकदाही झाले नाही.

दुसरी साक्ष नात्याची. मागून येणारे जीव आधीच्यांशी अगदी असंबद्ध नसतात. घड्यांचे दात व मांसल पर यांनी ते जुन्यांशी जोडलेले दिसतात. तिसरी साक्ष स्थळाची. कामठीच्या पानासारखी पाने आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांनी अखेरपर्यंत न टाकलेल्या सुमारे पस्तीस पौंड दगडांतही हेच पान होते. एवढे महासागर ओलांडून एकच झाड सर्वत्र कसे गेले? हे सर्व भूभाग एके काळी जोडलेले होते, आणि ते झाड एकाच भूमीवर वाढून पसरले, हेच त्याचे उत्तर ठरले. त्या प्राचीन भूखंडास ऑस्ट्रियाचे भूस्तरशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली नाव दिले, ते आपल्या गोंडांच्या देशावरून : गोंडवन.

गोंडांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हिस्लॉप यांचे लक्ष केवळ मृत जीवांकडे नव्हते. मध्य प्रांतातील आदिवासी जमातींच्या चालीरीती, भाषा व गाणी यांची त्यांनी कष्टाने टिपणे केली. दगडाच्या ठशाइतकेच गोंडाच्या तोंडचे गाणे त्यांस मोलाचे वाटे. कारण दोन्ही हरवली तर पुन्हा मिळणारी नव्हती.

येथे पालकवर्गास दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. जीवाश्मांचा धडा आला म्हणजे काही घरांतून चिंता उत्पन्न होते. मुलगा असे शिकू लागला तर त्याची श्रद्धा डळमळेल काय, अशी शंका भाविक मातापित्यांस येते, आणि ती प्रेमापोटीच येते. त्यांनी हिस्लॉप यांच्या आयुष्याकडे पाहावे. डार्विन यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली बाहेर पडला. हिस्लॉप त्यानंतर चारच वर्षे जगले. ते उत्क्रांतिमताचे प्रचारक नव्हते. आपण वेचलेले दात व पाने पुढे कोणत्या मताच्या कामी येतील, हे त्यांस ठाऊकही नव्हते. तरी एखादा ठसा गैरसोयीचा म्हणून त्यांनी तो फोडून टाकला नाही. जे जसे मिळाले ते तसे नोंदले, आणि आपल्यापेक्षा अधिक जाणत्यांकडे परीक्षेसाठी पाठविले. त्यांचीही अनुमाने क्वचित चुकली. टाकळीच्या थरांस त्यांनी तृतीय युगातील मानले. आज ते थर त्या युगाच्या उंबरठ्यावरचे, डायनोसॉरांच्या अंतकाळाशी भिडलेले समजतात. अनुमान चुकले म्हणून साक्ष खोटी ठरली नाही. साक्ष खरी होती म्हणूनच पुढच्यांस अनुमान सुधारता आले. ज्या देवाने सृष्टी केली त्याला सत्याचे भय नाही, अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याने दगडाला भ्यावे कशाला? शपथेवर खोटे बोलू नये असे आपण मुलांस शिकवितो. तोच नियम दगड हाती घेतल्यावरही पाळावयाचा असतो.

आता या थोर पुरुषाच्या अंताची हकीकत. १८६३ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेले होते. तेथे प्राचीन लोकांची दफनस्थाने दाखविणारी दगडांची वर्तुळे आहेत. त्यांची खोदणी पाहावयाची होती. ४ सप्टेंबरचा दिवस. काम आटोपल्यावर इतर मंडळी छावणीकडे निघाली. हिस्लॉप मात्र मागे राहिले, कारण जवळच्या खेड्यातील शाळा तपासावयाची होती. मुलांची परीक्षा घेऊन ते अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून परतू लागले. मध्यंतरी पावसाने वाटेतील नाला फुगला होता. काही वेळाने घोडा छावणीत आला. त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. लोक मशाली घेऊन धावले, परंतु हाती लागला तो त्यांचा निष्प्राण देह. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उणे होते.

त्यांच्या आदिवासीविषयक टिपणांचे संपादन करून टेंपल यांनी ती १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांनी लावलेल्या शाळेच्या रोपट्यातून १८८३ साली नागपुरात महाविद्यालय उभे राहिले, व त्याने त्यांचे नाव धारण केले. हिरवट रंगाच्या एका खनिजासही हिस्लॉपाइट हे नाव मिळाले. दोन लोटांमधील त्या गाळाचा अभ्यास पुढे प्रोफेसर बिरबल साहनी यांच्यासारख्या भारतीय पंडितांनी चालविला, आणि आजही तो चालू आहे.

विद्यार्थी मित्रहो, त्या शेवटच्या दिवसाचा क्रम ध्यानात ठेवा. सकाळी प्राचीन मृतांचे दगड, सायंकाळी जिवंत मुलांची शाळा. दोन्ही कामे एकाच मनुष्याने एकाच निष्ठेने केली. तुम्हांपैकी कोणी सुटीत नदीकाठी किंवा नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगाशी उभा राहील, आणि त्याला फुटलेल्या दगडात पानाची रेषा किंवा शंखाचा वेढा दिसेल. त्याने तो दगड फेकून देऊ नये. कोठल्या जागी, कोणत्या थरात, किती खोलीवर तो मिळाला, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. कारण जागा विसरली म्हणजे दगड मुका होतो. मग तो आपल्या शिक्षकांकडे आणावा. त्या दगडाची साक्ष कोणाच्या उपयोगी पडेल हे आज सांगता येणार नाही. हिस्लॉपसाहेबांनाही ते सांगता आले नव्हते.